गालबोट आणि अपुरा मिनार : अपूर्णतेच्या मूल्याविषयी

१

दिल्लीच्या मेहरौली भागात कुतुबमिनाराच्या उत्तरेस दगडगोट्यांचा एक प्रचंड बुंधा उभा आहे. त्याला अलाई मिनार म्हणतात. अलाउद्दीन खिलजीने कुतुबमिनाराच्या दुप्पट उंचीचा मिनार बांधावयास घेतला होता. १३१६ मध्ये त्याचा मृत्यू झाला आणि काम पहिल्या मजल्यावरच थांबले. हा बुंधा आज सुमारे २५ मीटर उंच आहे; शेजारचा कुतुबमिनार सुमारे ७२.५ मीटर उंच आहे. येणाऱ्याची नजर साहजिकच पूर्ण मिनाराकडे वळते. परंतु मिनार बांधतात कसा, हा प्रश्न ज्याच्या मनात आहे त्याला उत्तर अपुऱ्या मिनाराकडे मिळते. कुतुबमिनाराच्या अंगावरील घडीव दगड, नक्षी आणि अक्षरपट्ट यांनी आतील रचना झाकून टाकली आहे. अलाई मिनारावर घडीव दगडाचे आवरण चढलेच नाही. त्यामुळे चुन्यात बसविलेल्या ओबडधोबड दगडांचा गाभा उघडा राहिला आणि बांधकामाची रीत सात शतकांनंतरही वाचता येते.

ज्याला पूर्ण म्हणावयाचे तो कुतुबमिनार तरी कितपत पूर्ण आहे? ऐबकाने त्याचा आरंभ केला, इल्तुतमिशने तो उंचावर नेला. वीज पडून वरचा भाग भंगल्यावर फिरोजशहा तुघलकाने १३६८-६९ च्या सुमारास तो दुरुस्त केला. वरच्या दोन मजल्यांत शुभ्र संगमरवराचा जो वापर दिसतो, तो या दुरुस्तीतला आहे. जुने आणि नवे एकसारखे दिसावे असा आग्रह त्या दुरुस्तीत नाही. पुढे १८०३ च्या भूकंपात शिखरावरची छत्री कोसळली. १८२८ मध्ये मेजर रॉबर्ट स्मिथ या अभियंत्याने मिनाराला ‘पूर्णत्व’ यावे म्हणून आपल्या कल्पनेची नवी छत्री चढविली. ती इतकी विजोड ठरली की १८४८ मध्ये लॉर्ड हार्डिंग यांच्या आदेशाने ती खाली उतरविण्यात आली. आज ती जवळच्या हिरवळीवर ठेवलेली आहे, आणि मिनार शिखराविनाच उभा आहे. नंतरच्या हाताने लादलेली पूर्णता हीच येथे वैगुण्य ठरली.

याच परिसरातील मशिदीच्या दर्शनी भिंतीकडे पाहिले तर हा विचार आणखी पुढे जातो. ११९९ च्या सुमाराच्या या भिंतीतील कमानी दुरून कमानी दिसतात. पण त्यांतले दगड खऱ्या कमानीप्रमाणे पाचरीच्या आकाराचे नाहीत. आडवे थर एकापुढे एक थोडे थोडे सरकवून ते मध्यावर भिडविले आहेत. मागणी नव्या आकाराची होती आणि गवंड्यांच्या हाताला जुनी रीत होती. दिल्लीत टिकून राहिलेली पाचरीच्या दगडांची सर्वांत जुनी खरी कमान बलबनाच्या मकबऱ्यात आहे, असे सामान्यतः मानले जाते; बलबनाचा मृत्यू १२८७ मधला. स्थापत्याच्या पाठ्यपुस्तकाच्या दृष्टीने ११९९ ची कमान सदोष म्हणावी लागेल. परंतु दोन परंपरा एका भिंतीत प्रथम कशा भेटल्या, याचा पुरावा त्या दोषातच आहे. कोणी ती कमान ‘सुधारून’ खरी केली असती, तर भिंत अधिक मजबूत झाली असती आणि इतिहास नाहीसा झाला असता.

महाराष्ट्रातील लेण्यांचीही साक्ष अशीच आहे. अजिंठ्यातील चोविसाव्या क्रमांकासारखी काही लेणी अर्धवट राहिली. डोंगर छताकडून खाली कसा कोरीत नेला, खांबाचा ठोकळा आधी कसा सोडला आणि मग त्याला आकार कसा दिला, हे या अर्धवट लेण्यांवरून कळते. वॉल्टर स्पिंक यांनी अजिंठ्याच्या कालक्रमाची जी मांडणी केली, तिच्यात वाकाटक राजा हरिषेण याच्या मृत्यूनंतर अचानक थांबलेल्या कामाच्या खुणांना मोठे स्थान आहे. त्यांच्या मांडणीविषयी मतभेद आहेत. पण अपुरे काम हा पुरावा आहे, याविषयी नाहीत.

२

कलाकृतीची निर्दोषता हा भारतीय साहित्यशास्त्रातील जुना आदर्श आहे. अकराव्या शतकात मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त काव्याचे लक्षण सांगताना शब्दार्थांच्या दोषरहिततेला अग्रस्थान दिले. चौदाव्या शतकात विश्वनाथाने ‘साहित्यदर्पणा’त त्यावर जो आक्षेप घेतला तो प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने फार मोलाचा आहे. निर्दोषता ही काव्यत्वाचीच अट केली तर काव्य या संज्ञेला पात्र असे फारसे काही उरणार नाही, कदाचित काहीच उरणार नाही, असे त्याचे म्हणणे. उदाहरणादाखल तो रावणाच्या तोंडचा एक प्रसिद्ध श्लोक पुढे करतो. ध्वनिवाद्यांनी उत्तम काव्य म्हणून गौरविलेल्या या श्लोकात वाक्यरचनेचा दोष आहे, हे तो दाखवून देतो. किड्याने वेधले म्हणून रत्नाचे रत्नपण जात नाही, त्याची प्रत फार तर उतरते, हा दृष्टान्तही याच चर्चेत येतो.

विश्वनाथाचा युक्तिवाद दोषाला क्षमा करणारा आहे, त्याचा गौरव करणारा नाही. मात्र त्याच्याही आधी एक वेगळा विचार मांडला गेला होता. नवव्या शतकात आनंदवर्धनाने काही दोषांना ‘अनित्य’ म्हटले. कानाला बोचणारे वर्ण शृंगारात वर्ज्य होत. पण रौद्रात तेच उपकारक होतात. मम्मटानेही दोषप्रकरणात हे तत्त्व विस्तारले. बोलणारा कोण, ऐकणारा कोण, प्रसंग कोणता, यांवर दोष दोष राहील की गुण होईल हे अवलंबून आहे, असे तो सांगतो. ज्याचे लक्षण निर्दोषतेपासून सुरू होते, त्याच शास्त्रकाराला दोषाचे औचित्य मान्य करावे लागावे, ही गोष्ट लक्षणीय आहे. किंबहुना, दोष हा वस्तूचा जन्मजात धर्म नसून तो एका संबंधात निर्माण होतो, ही जाणीव भारतीय काव्यविचारात पुष्कळ लवकर आली होती असे म्हणता येईल.

३

येथे संज्ञांची थोडी फोड करणे आवश्यक आहे. ‘अपूर्णता’ या एका शब्दाखाली निदान तीन वेगळ्या गोष्टी येतात. पहिली अपुरेपणा : आरंभिलेले काम तडीस न जाणे. अलाई मिनार या प्रकारात येतो. दुसरी अनियमितता : हाताने केलेल्या कामात प्रत्येक वेळी पडणारा थोडाथोडा फरक. तिसरी उणीव : जे असावयास हवे ते नसणे. पहिल्या दोहोंचे मूल्य दोन प्रकारचे आहे. त्यांत कामाची साक्ष राहते आणि त्यांत दुसऱ्यासाठी जागा राहते. पाहणारा, वाचणारा, पुढे तेच काम हाती घेणारा, यांना शिरावयास वाव मिळतो. तिसऱ्या प्रकाराविषयी मात्र असे सरसकट म्हणता येत नाही. अपूर्णतेचा गौरव करणारे लेखन बहुधा घसरते ते हे तीन प्रकार एकत्र केल्यामुळे.

मराठी भाषेने या प्रकरणी काही सूक्ष्म नोंदी करून ठेवल्या आहेत. देखण्या बाळाच्या गालावर काजळाचा ठिपका लावतात, तो गालबोट. पूर्ण सौंदर्याला दृष्ट लागते, म्हणून त्यात मुद्दाम एक उणे घालावयाचे. पण मंगल कार्यात विघ्न आले तरी ‘गालबोट लागले’ असेच म्हणतात. रक्षण करणारा ठिपका आणि कार्य बिघडविणारा डाग या दोहोंना भाषेने एकच शब्द दिला. ते एकमेकांच्या किती जवळ आहेत, हे तिला ठाऊक होते. हातातली बांगडी फुटली की ती ‘वाढवली’ असे म्हणावयाचे. मंगळसूत्र तुटले तर तेही ‘वाढवले’. देवापुढे फोडतात तो नारळही ‘वाढवतात’. यात अशुभ टाळण्याची धडपड आहेच. तरीही तुटण्याला वाढण्याचे नाव देणाऱ्या भाषेत शेवट हा शेवट नसतो, असा एक समज मुरलेला आहे. आहेराची रक्कम शंभर न ठेवता एकशे एक करतात. पूर्ण आकडा व्यवहार मिटवितो. वरचा रुपया तो उघडा ठेवतो.

रोजच्या वस्तूंतही हेच दिसते. जुन्या लुगड्यांच्या आणि धोतरांच्या तुकड्यांची गोधडी दोन घरांत सारखी नसते. तिचा धावदोरा सरळ रेषेत राहत नाही, आणि कोणता तुकडा कोणाच्या लुगड्याचा हे घरातल्या बायकांना सांगता येते. अंगणातली रांगोळी रोज नव्याने काढतात. तिचे ठिपके मोजून मांडलेले असतात, पण रेघ हाताची असते, आणि दुपारपर्यंत ती पायांनी पुसली जाते. या वस्तूंचे सौंदर्य त्यांच्या वापरापासून वेगळे करता येत नाही. त्या पूर्ण होतात त्या वापरणाऱ्याच्या हाती.

४

साहित्याच्या अभ्यासकापुढे हा प्रश्न अधिक टोकदार होतो, कारण त्याच्या हाती पाठ असतो आणि पाठ सुधारता येतो. मराठीचा इतिहास या दृष्टीने विशेष बोलका आहे.

म्हाइंभटांनी तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले. पुढे धाडीत मूळ पोथी नष्ट झाली आणि महानुभावांनी तो ग्रंथ स्मरणाने पुन्हा उभा केला. अशा प्रसंगी आठवणी जुळत नाहीत. त्यातली एक निवडून बाकीच्या गाळणे सोपे होते. महानुभाव लेखकांनी तसे केले नाही. ‘वासना’, ‘शोध’ अशा संज्ञांनी भिन्न पाठ नोंदवून ठेवण्याची त्यांची पद्धत होती. ग्रंथ त्यामुळे काहीसा खडबडीत झाला. परंतु स्मरणाच्या मर्यादा न लपविणारा एक प्रामाणिक गद्यग्रंथ मराठीला आरंभीच लाभला.

याच्या उलट बाजूला एकनाथांचे कार्य आहे. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ च्या सुमारास, त्यांनी ‘ज्ञानेश्वरी’चा पाठ शुद्ध केला. तोवरच्या नकलांत अपपाठ शिरले होते. ते काढून टाकताना पुढील कोणी त्यात आपली ओवी घालू नये, असा स्पष्ट इशाराही त्यांनी दिला. येथे दुरुस्ती झाली ती लेखनिकाच्या प्रमादाची. कर्त्याच्या वाणीला सुधारण्याचा अधिकार एकनाथांनी स्वतःकडे घेतला नाही आणि इतरांनाही दिला नाही. संशोधनाची ही मर्यादा आजही आदर्श ठरावी अशी आहे.

तुकारामांच्या गाथेच्या बाबतीत ही मर्यादा सांभाळणे अधिक कठीण गेले. मुंबई सरकारच्या साहाय्याने इंदुप्रकाश छापखान्यातून १८६९ आणि १८७३ मध्ये जी गाथा निघाली, तिने तुकाराम सुशिक्षितांच्या घरात नेले. तिचे ऋण मोठे आहे. पुढे वि. ल. भावे यांनी संताजी जगनाडे यांच्या म्हणून परंपरेने मानल्या जाणाऱ्या वह्यांच्या आधारे ‘तुकारामबुवांचा अस्सल गाथा’ १९१९-२० मध्ये प्रसिद्ध केला. वहीत जसे आहे तसे छापावे, हे भाव्यांचे धोरण होते. ऱ्हस्व-दीर्घाचा मेळ नाही, अनुस्वार हवा तेथे नाही आणि नको तेथे आहे, शब्द ऐकू आला तसा उतरविला आहे. व्याकरणाच्या दृष्टीने हे अशुद्ध लेखन होय. पण बोललेला शब्द कानाने टिपणाऱ्या लेखनाची खूण त्या अशुद्धतेतच उरली आहे. जगनाडे तेल्याचा व्यवसाय करणारे होते. त्यांच्या लेखणीला पाठशाळेचे वळण नव्हते. ते वळण नंतर कोणी दिले असते, तर वही सुबक झाली असती आणि मुकी झाली असती.

बहिणाबाई चौधरींचे उदाहरण आणखी अलीकडचे. १८८० मध्ये जन्मलेल्या, अक्षरओळख नसलेल्या या कवयित्रीची गाणी घरच्यांनी ऐकून उतरवून घेतली. १९५१ मध्ये त्यांचे निधन झाल्यावर पुत्र सोपानदेवांनी ती आचार्य अत्रे यांना दाखविली आणि १९५२ मध्ये ‘बहिणाबाईंची गाणी’ प्रसिद्ध झाली. ती खानदेशच्या बोलीतच छापली गेली, ही मराठीच्या भाग्याची गोष्ट. ती प्रमाणभाषेत आणली असती तर अर्थ राहिला असता. पण जात्याच्या आणि शेताच्या कामाची लय त्या बोलीच्या उच्चारात आहे, ती गेली असती. हेमा राईरकर आणि गी प्वातवां यांनी आपल्या सहकाऱ्यांसह एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, आणि २०१७ पासून तो संग्रह ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया’ या संस्थेने लोकांसमोर आणण्यास आरंभ केला. त्यात एकाच ओवीची अनेक रूपे भेटतात. यांतले मूळ कोणते, हा प्रश्न तेथे गैरलागू ठरतो. जाते फिरते तोवर ओवी वाढत राहते, आणि पुढची बाई तिच्यात आपले माहेर घालते.

५

अपूर्णतेचे तत्त्वज्ञान म्हटले की जपानचे नाव प्रथम घेतले जाते. तेथे चहापानाच्या विधीने, विशेषतः सोळाव्या शतकातील सेन नो रिक्यू याच्या प्रभावाने, ओबडधोबड मातीच्या पेल्याला मानाचे स्थान दिले. १९०६ मध्ये ओकाकुरा काकुझो याने चहावरील आपल्या इंग्रजी पुस्तकात ही दृष्टी जगापुढे मांडली. त्यापूर्वी तो काही काळ कलकत्त्यास राहून गेला होता. दिल्लीचाही या परंपरेशी प्रत्यक्ष संबंध आहे. सरदार गुरुचरण सिंग तरुणपणी जपानला जाऊन कुंभारकला शिकले. यानागी सोएत्सु, हामादा शोजी आणि बर्नार्ड लीच यांच्या वर्तुळाशी त्यांचा तेथे परिचय झाला. पुढे त्यांनी दिल्लीत ‘दिल्ली ब्ल्यू पॉटरी’ उभी केली आणि कुंभारांच्या अनेक पिढ्या घडविल्या. अनाम कारागिराच्या रोजच्या भांड्यात सौंदर्य पाहण्याची यानागींची दृष्टी अशा रीतीने चाकाच्या आणि मातीच्या मार्गाने या नगरात आली.

युरोपात जॉन रस्किन याने १८५३ मध्ये गॉथिक शिल्पाविषयी लिहिताना हाच मुद्दा नैतिक पातळीवर नेला. कामगाराकडून निर्दोष काम मागणे म्हणजे त्याला यंत्र करणे. त्याला माणूस राहू द्यावयाचे तर त्याच्या कामातील चुका स्वीकारल्या पाहिजेत, असा त्याचा आशय होता. मात्र हाच रस्किन १८५७ च्या उठावानंतर, १८५८ च्या व्याख्यानात, भारतीय कारागिराच्या कौशल्याची वाखाणणी करून लगेच त्या कलेला निसर्गसत्यापासून तुटलेली आणि नैतिक अधःपाताशी जोडलेली ठरवितो. ते व्याख्यान पुढील वर्षी ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. स्वदेशातील गवंड्याच्या उण्यात त्याला माणूस दिसला. परक्या विणकराच्या नैपुण्यातही दिसला नाही. अपूर्णतेविषयीच्या औदार्याचा लाभ कोणाला मिळतो आणि कोणाला नाही, हा प्रश्न म्हणूनच टाळता येत नाही.

मराठीतही तो टळला नाही. १९७२ मध्ये नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ आला तेव्हा प्रस्तावनाकार विजय तेंडुलकर यांना त्यातील कित्येक शब्द कवीकडून समजून घ्यावे लागले, आणि त्यांनी ते प्रस्तावनेत मोकळेपणाने नोंदविले. १९७८ मध्ये दया पवारांचे ‘बलुतं’ आणि १९८० मध्ये लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ आले. या लेखनाची भाषा कच्ची आहे, रचना विस्कळीत आहे, असे आक्षेप घेतले गेले. तेंडुलकरांच्या प्रस्तावनेने मात्र नेमका प्रश्न उभा केला होता : उणीव शब्दात आहे की वाचकाच्या शब्दसंग्रहात? शतकानुशतके ज्यांना अक्षरापासून दूर ठेवले, त्यांच्या वाक्यात सफाई नाही म्हणून नापसंती दाखविणे जितके अन्यायाचे, तितकेच ते वाक्य ‘रांगडे’ म्हणून कौतुकाने कपाटात ठेवणेही अन्यायाचे. पहिल्या वृत्तीत लेखक कमी ठरतो. दुसऱ्या वृत्तीत त्याने हेतुपूर्वक केलेली निवड दिसेनाशी होते. ‘गोलपिठा’ची मोडतोड हे अडाणीपण नव्हे, ती शैली आहे.

६

यावरून अपूर्णतेची मर्यादाही स्पष्ट होते. गळके छप्पर, ढासळता पूल, चुकांनी भरलेले पाठ्यपुस्तक यांत गौरव करण्यासारखे काही नाही. ज्याने विश्वास ठेवला त्याची ती फसवणूक आहे. गोधडी प्रदर्शनात टांगली की तिचे ठिगळ मनोहर दिसते. परंतु ती शिवली गेली ती दुसरे पांघरूण नव्हते म्हणून, हे विसरून केलेली प्रशंसा पोकळ होय. काजळाचा ठिपका पुसता येतो. ज्याच्या देहातच व्यंग आहे त्याच्याशी तोच समाज कसा वागला, हे आठवले म्हणजे गालबोटाच्या कल्पनेतील गोडवा थोडा कमी होतो. मुद्दाम केलेले उणे ही पुष्कळदा ज्याच्याजवळ भरपूर आहे त्याची चैन असते.

तेव्हा अपूर्णता आपोआप मूल्यवान होत नाही. तिच्यात कोणाच्या तरी हाताची साक्ष असेल आणि दुसऱ्या कोणाला तरी वाव असेल, तेव्हाच तिला मूल्य येते. जेथे साक्षही नाही आणि वावही नाही, तेथे ती केवळ उणीव होय आणि ती दूर करणे हेच योग्य.

हस्तलिखितांच्या आणि मौखिक साहित्याच्या संपादनात हा निकष रोज उपयोगी पडावा असा आहे. मराठी साहित्य महामंडळाने १९६२ मध्ये लेखनाचे चौदा नियम केले आणि १९७२ मध्ये त्यांत चार नियमांची भर पडली. शाळा, वृत्तपत्रे आणि शासनव्यवहार यांसाठी असे नियम हवेतच. पण सतराव्या शतकातील वही किंवा एखाद्या डोंगरी गावातील ओवी या नियमांच्या पट्टीने सरळ करणे म्हणजे मिनारावर स्मिथची छत्री चढविणे होय. लेखनिकाचा हात चुकला असेल तर तो सुधारावा आणि सुधारल्याचे तळटीपेत नोंदवावे. गाणाराच्या उच्चाराला, बोलीच्या वळणाला, तुटलेल्या ओळीला हात लावू नये. ओळ तुटली असेल तेथे कोरी जागाच छापावी. पुढे कधी दुसरी वही सापडेल, दुसरी म्हातारी ती ओळ म्हणेल. आणि संपादकाने अंदाजाने भरून टाकलेली नसेल, तरच त्या ओळीला तेथे बसावयास जागा राहील.